टी हा प्राणीच असला पाहिजे

३ फेब्रुवारी, मंगळवार

‘तुमच्या छत्रीने आज दोन वाट्या खाल्लं, झोप बरी झाली, खेळकर आहे.’ — हा निरोप आमच्या प्रोग्रामने काल संध्याकाळी सहा वाजता एका बाईंना धाडला. बाईंचं मांजर प्राण्यांच्या हॉस्टेलात आहे. मांजर सोडायला गेल्या तेव्हा छत्री तिथेच विसरल्या. मांजराचा निरोप वेगळा आला, मांजर रुसलंय म्हणून. बाईंचं म्हणणं एवढंच, की छत्री खेळकर आणि मांजर रुसलेलं, हे कसं काय?

हॉस्टेलच्या काकूंनी तो फोन जसाच्या तसा माझ्याकडे ढकलला. काकू म्हणजे तिथल्या सर्वेसर्वा. तिथले कामगार यादी बघून खाणं वाढतात. यादीत ‘छत्री, खोली चार’ असं होतं, म्हणून छत्रीपुढे वाटी ठेवली. मी विचारलं, मग कोणाला शंका नाही आली? काकू म्हणाल्या, वाटी रिकामी झाली ना, शंका कशाला येईल.

खरी काळजी पुढेच आहे. १९ तारखेला परवान्याचा तपासनीस येणार. रजिस्टरात जनावराशिवाय काहीही दिसलं तर हॉस्टेल बंद. आणि ते आमचं एकुलतं एक उरलेलं गिऱ्हाईक. म्हणजे आमचं चार खुर्च्यांचं ऑफिसही बंद. (चौथ्या खुर्चीवर प्रिंटर आहे.)

४ फेब्रुवारी

बाबांना समजावून सांगितलं. बाबा चाळीस वर्षं शिंपी होते. त्यांना कळलं तर मला नीट समजलंय, नाही कळलं तर चूक माझी — हा माझा जुना नियम.

म्हटलं, साहेबांनी पंधरा वर्षांपूर्वी ‘मुक्काम’ नावाचा एक साचा लिहिला. कोणीतरी येतं, खोली मिळते, राहतं, जातं. कोण येतं ती जागा कोरी ठेवली. तिचं नाव टी. वापरताना टीच्या जागी हवं ते घालायचं. लॉजसाठी पाहुणा, पार्किंगसाठी गाडी, हॉस्टेलसाठी कुत्रा, मांजर, पोपट. एकदा लिहा, सगळीकडे चालवा. याला जेनेरिक म्हणतात.

“फ्री साइज,” बाबा म्हणाले.

हो, पण टी कोण असावा यावर काही अटच नाही! म्हणून विसरलेल्या वस्तू ठेवायलाही साहेबांनी तोच साचा वापरला, आणि छत्री पाहुणचार घेऊ लागली. टी कोणीही असू शकतो म्हटल्यावर तो खातो का, झोपतो का, हे प्रोग्राम विचारणार कोणत्या तोंडाने? मग साहेबांनी ठोकून दिलंय — दोन वाट्या, झोप बरी, खेळकर. सगळ्यांना सरसकट. फक्त कुत्र्या-मांजरांचं तेवढं मी मागाहून वेगळं जोडलं, ते खरं येतं.

बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, फ्री साइजलाही अट असतेच की. दोन हात आणि एक मान धरूनच कापड कापतात. खुर्चीला सदरा शिवणारा शिंपी काही त्यांच्या पाहण्यात नाही.

तेच तर! एक ओळ हवी: टी हा प्राणीच असला पाहिजे. मग छत्री घालायला गेलं की प्रोग्राम तयारच होणार नाही. जागीच अडेल. चूक आम्हाला दिसेल, छत्रीवाल्या बाईंना नाही. आणि टी प्राणीच आहे हे पक्कं असलं की ‘आज काय खाल्लंस’ असं त्याला खुशाल विचारता येईल, ठोकून द्यायला नको.

एका ओळीला पंधरा वर्षं का लागली, असं बाबांनी विचारलं. उत्तर मला माहीत आहे. साहेब.

५ फेब्रुवारी

साहेब माणूस म्हणून लोणी. पण कोणालाही नाही म्हणता येत नाही, हे त्यांचं दुखणं. प्रिंटर विकायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येईना म्हणून आमच्याकडे तीन प्रिंटर आहेत. एकही चालत नाही. घरी त्यांचा एक कॉलेजचा मित्र ट्रम्पेट घेऊन दोन दिवसांसाठी आला, त्याला आठ महिने झाले. वहिनी — म्हणजे साहेबांची बायको — मागे ऑफिसात आल्या होत्या तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. हसून सांगितलं, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

साहेबांना म्हटलं, एकच ओळ आहे, घालू का? म्हणाले, अट घातली की दार अरुंद होतं. आज छत्रीला बाहेर काढायचं, उद्या आणखी कोणाला. कोणाची काय अडचण असते आपल्याला काय ठाऊक.

छत्रीची अडचण!

शेवटी “बघू” म्हणाले. म्हणजे नाही. त्यांना जमतं तेवढं नाही.

त्यांच्या कोटावर केस होते. पांढरे, लांब. वहिनींचे केस काळे आणि आखूड. मी बघून न बघितल्यासारखं केलं, पण शंकासुराच्या नजरेतून काही सुटत नाही. शंकासुर म्हणजे आमचे प्रोग्राम तपासणारी मुलगी; जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिला शंका असते, आणि तोच तिचा पगारी उद्योग आहे. जेवायच्या सुट्टीत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, बाहेर काहीतरी चाललंय साहेबांचं. आणि ती वयस्कर आहे.

६ फेब्रुवारी

हॉस्टेलच्या गाडीला आज आंघोळ घालून गोचिडांसाठी तपासलं. यादीत होतं म्हणून. गोचीड सापडली नाही. खेळकर आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

न विचारता ओळ घातली. तपासनीस दहा दिवसांवर आलाय, ‘बघू’ म्हणत कुठवर बसू?

टी हा प्राणीच असला पाहिजे. निरोपातलं ठोकून दिलेलंही काढून खरी नोंद विचारायला लावली. कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्राम तयार करायला घेतला. चार चुका. चार ठिकाणी कोणीतरी टीच्या जागी प्राणी नसलेलं काहीतरी कोंबलं होतं.

पहिली: छत्री आणि तिची भावंडं, म्हणजे विसरलेल्या वस्तू. दुसरी: गाडी. तिसरी: एक जिना! जिना कोणी आणि का घातला हे मला जाणून घ्यायचं नाही. काढून टाकला.

चौथी चूक खोली नऊमध्ये. टीच्या जागी ‘पाहुणा’. पाहुणा म्हणजे लॉजच्या काळातला आमचा जुना टाइप, माणसांसाठीचा. ही ओळ मात्र नवी होती. २३ जानेवारीला लिहिलेली, साहेबांच्या हातची. सोबत हॉस्टेलचा नेहमीचा फॉर्म भरलेला. उतरवून घेते, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

वय: एक्कावन्न. रंग: गव्हाळ. चावतो का: नाही. भुंकतो का: नाही. लसीकरण: लहानपणी झालं असावं. खाणं: काहीही, भोपळा सोडून. आवाज चढवल्यास: कोपऱ्यात जाऊन बसतो. सवयी: उशीशिवाय झोप येत नाही. हाक मारल्यावर येतो का: हाक मारली तर.

मालकाचं नाव या रकान्यात वहिनींचं नाव. आणि वहिनींचा फोन नंबर. तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही.

साहेब अठरा दिवस कुत्र्यांच्या हॉस्टेलात राहतायत.

१० फेब्रुवारी

शंकासुराला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, म्हणजे ती वयस्कर बाई कुत्री आहे. मग स्वतःच दचकली आणि म्हणाली, तसं नाही, खरोखरची.

काकूंना फोन केला. काकूंना सगळं ठाऊक होतं, पण त्यांना सांगितलेलं वेगळं. साहेब म्हणाले होते, प्रोग्राम नीट चालतो का हे आत राहूनच कळतं. काकूंना केवढं कौतुक! किती मन लावून काम करतात म्हणाल्या. ताट स्वतः घासतात म्हणाल्या.

साहेबांना कसं विचारणार? काय म्हणून विचारणार? दोघींनी ठरवलं, विचारायचं नाही. खोली नऊची ओळ गुपचूप काढून टाकली. प्रोग्राम झक्कास तयार झाला. रजिस्टर धुतल्या तांदळासारखं.

संध्याकाळी सहाचे निरोप बघितले. सगळे प्राण्यांचेच. मांजराचा रुसवा गेलाय.

११ फेब्रुवारी

सकाळी फोन. वहिनींचा. साहेब तेव्हा प्रिंटरवाल्याला चहा पाजत होते, म्हणून मीच घेतला.

“काल निरोप आला नाही,” त्या म्हणाल्या. “ते बरे आहेत ना?”

अठरा दिवस रोज सहाला वहिनींना निरोप जात होता! साहेबांनी नंबर भरला तो रकाना रिकामा राहू नये म्हणून. निरोप जातो हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. स्वतः लिहिलेला प्रोग्राम!

पहिल्या निरोपाने वहिनी घाबरल्या, दुसऱ्या दिवशी निरोपाखालचं हॉस्टेलचं नाव वाचून त्यांना कळलं नवरा कुठे आहे. मग राग आला. का, तर रोज ‘दोन वाट्या खाल्लं, झोप बरी, खेळकर’. अठराही दिवस तेच. घर सोडून गेलेला माणूस रोज खेळकर कसा असतो, त्या म्हणाल्या. निदान एखाद्या दिवशी तरी वाईट झोप लागायला हवी होती.

भांडण ट्रम्पेटवरून. वहिनी म्हणाल्या होत्या, एक तर तो जाईल नाही तर मी. साहेबांना मित्राला जा म्हणता येईना आणि वहिनींना जाऊ देववेना. मग घरात उरलं कोण? तेच उरले. म्हणून ते निघाले. मित्र अजून तिथेच. रोज सकाळी सहा वाजता ट्रम्पेट.

मी म्हटलं, वहिनी, निरोप मीच बंद केलाय, नियमात बसत नव्हता. त्या म्हणाल्या, खेळकर तर खेळकर, पण सहा वाजले की मी फोन हातात घेऊन बसते गं. साहेबांना हे सांगायचं नाही, असं मात्र बजावलं.

दिवसभर मला माझ्या एका ओळीची लाज वाटत होती. ओळ बरोबर आहे तरी.

१२ फेब्रुवारी

साहेबांना कळलं. खोली नऊला ताट आलं नाही ना!

आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी कोड उघडला, माझी अट बघितली, आणि अटीला हातही लावला नाही. फक्त दुसरीकडे एक छोटा बदल केला आणि टिपण लिहिलं: ‘किरकोळ दुरुस्ती’. खोली नऊ परत यादीत. चूक एकही नाही. मला काही कळेना. टी प्राणीच हवा अशी अट आहे, आणि पाहुणा तर...

बघते तर साहेबांनी पाहुण्यालाच प्राण्याच्या कुळात टाकलेलं. यापुढे प्रत्येक पाहुणा हा एक प्राणी समजावा!

शंकासुराने शंका काढली, साहेब, माणूस प्राणी आहे का? साहेब पडद्यावरून मान न वळवता म्हणाले, शास्त्रात आहे. यावर तिच्याकडे शंका नव्हती. नोकरीत पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी

कसला दिवस!

लॉजचे जुने पाहुणे अजून आमच्याच यादीत पडून आहेत. तीनशे बारा. पाहुणा प्राणी झाला म्हटल्यावर प्रोग्रामने काल संध्याकाळी त्या तीनशे बारा माणसांना निरोप धाडला, की जंताचं औषध द्यायची वेळ झाली आहे, कृपया हॉस्टेलात घेऊन यावे.

सकाळपासून फोन. एक निवृत्त न्यायाधीश विचारत होते, जेवणाआधी की नंतर? एका बाईंनी नवऱ्याला कधी आणू म्हणून वेळ मागितली. एकाने तर आभार मानले, इतक्या वर्षांनी आठवण ठेवलीत म्हणाला. चिडलेली माणसं फक्त चार. माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरी असतात, किंवा जंतांबद्दल त्यांच्या मनात आधीपासूनच धाकधूक असते.

साहेबांनी सगळ्यांची माफी मागितली. त्यात दोघांना नाही म्हणता आलं नाही. सोमवारी दोघंजण औषध घ्यायला येणार आहेत.

पण खरा फोन दुपारी आला. वहिनींचा. निरोप परत आला होता. खोली नऊचा पाहुणा आता प्राणी, म्हणजे त्याचं ठोकून दिलेलं बंद. कामगार रोज प्रत्येक खोलीपुढे जी खरी नोंद करतात तीच थेट गेली. गेले तीन आठवडे खोली नऊचीही नोंद होत होती, इमानेइतबारे. फक्त विचारत कोणी नव्हतं.

वहिनींनी वाचून दाखवलं. “‘आज अर्धंच खाल्लं. झोप नाही. दाराकडे तोंड करून बसला होता. मालकाची आठवण येत असावी.’ — हे खरं आहे का गं?”

मी म्हटलं, वहिनी, आता खोटं जाऊच शकत नाही. तशी अट आहे.

त्यांनी फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी हॉस्टेलवर गेले. निमित्त रजिस्टरचं. खोली नऊ शेवटची, अंगणाच्या बाजूला. लोखंडी खाट, उशी, खिळ्याला कोट, दारावर अर्धी जाळी. शेजारी खोली आठमध्ये वासराएवढा पांढरा कुत्रा. त्याचेच ते केस. साहेब जाळीला पाठ लावून बसले होते आणि पलीकडून कुत्राही पाठ लावून बसला होता. दोघांचं काही बोलणं चाललं नव्हतं, पण मीच मध्ये आल्यासारखं वाटलं.

मला बघून साहेब उठले. प्रोग्राम आतून बघत होतो, म्हणू लागले. मी म्हटलं, साहेब, फॉर्म वाचलाय मी. ते परत बसले.

मग मी वहिनींना दिलेला शब्द मोडला. सांगून टाकलं, तुमचे निरोप वहिनींना जातायत. पहिल्या दिवसापासून.

“सगळे?” त्यांनी विचारलं.

“सगळे. गेल्या सोमवारपर्यंत तुम्ही रोज खेळकर होतात.”

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतायत की काय म्हणून मी घाबरले, तर हसत होते. मग कळेना नक्की काय ते. हात खाली घेऊन म्हणाले, लहानपणी घरात कोणी कोणाला नाही म्हटलं की महिना महिना अबोला असायचा. म्हणून शब्दच टाकला तो. आता तोंडात बसत नाही. मित्रासमोर उभं राहिलं की तोंडातून ‘चहा घेणार का’ एवढंच येतं.

खोली आठच्या कुत्र्याने जांभई दिली. मी म्हटलं, साहेब, सराव करू.

१७ फेब्रुवारी

दुसरीही अट घातली: टी हा प्राणी असला पाहिजे, आणि त्याने लस घेतलेली असली पाहिजे. साहेब लगेच म्हणाले, मी धनुर्वाताचं घेतलंय.

सराव ऑफिसात झाला. शंकासुर मित्र झाली. रिकामी बाटली ट्रम्पेटसारखी धरून म्हणाली, राहू का अजून थोडे दिवस? साहेब उभे राहिले. श्वास घेतला. जीभ ‘न’ला लागली. आणि म्हणाले, “न... नक्की!”

सात वेळा केलं. चौथ्या खेपेला ते तिला स्वतःची खोली द्यायला निघाले होते.

१८ फेब्रुवारी

वहिनी आल्या! हॉस्टेलवर. साहेबांना घेऊन मीच तिथे गेले होते, उद्याच्या तपासणीआधी खोली नऊ रिकामी करायला. साहेब कोट घडी घालत होते. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं.

वहिनी फाटकात उभ्या. कामावरून तशाच आल्या असाव्यात, खांद्याला पिशवी. त्यांनी आत येऊन इकडेतिकडे बघितलं, खाट बघितली, घासलेलं ताट बघितलं. त्यांनी साहेबांना त्यांच्या नावाने हाक मारली. एकदाच. मोठ्याने नाही.

साहेब आले.

दोघं समोरासमोर. काय बोलले ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू नये म्हणून पोपटाच्या खोलीकडे गेले. पण परत आले तेव्हा अडचण वेगळीच. काकू फाटकात आडव्या! लेखी सहीशिवाय त्या कोणाला सोडत नाहीत. इतक्या वर्षांत सोडलं नाही म्हणाल्या. वहिनींनी ओळखपत्र दाखवलं, सुटकेच्या कागदावर ‘मालक’ या शब्दापुढे सही केली, ‘प्राणी सुस्थितीत मिळाला’ यावर खूण करताना थोडा विचार केला आणि ‘सुस्थितीत’ खोडून ‘थोडा वाळलेला’ लिहिलं. काकूंनी पट्टा हवा का विचारलं. चेष्टेत नाही. काकू चेष्टा करत नाहीत.

जाताना वहिनी मला म्हणाल्या, एका अटीवर नेतेय. मित्राशी बोलायचं, आणि ह्यांनी स्वतः बोलायचं.

संध्याकाळी पाहुण्याला प्राण्यांच्या कुळातून काढलं. माणसात आणलं.

१९ फेब्रुवारी

तपासनीस येऊन गेला. बारीक माणूस, मोठा चष्मा. एकशे चार नोंदी, सगळी जनावरं. तीनदा मोजलं. खोली नऊमध्ये त्याला खाटेखाली शब्दकोड्यांचं पुस्तक सापडलं, अर्धं सोडवलेलं. काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, हुशार होता.

परवाना पाच वर्षांसाठी वाढला!

२० फेब्रुवारी

आज साहेबांनी दार लावून आम्हा दोघींना सांगितलं. परवा घरी गेले तर मित्र पायऱ्यांवर ट्रम्पेट पुसत बसलेला. वहिनी आत निघून गेल्या, मुद्दाम. साहेब त्याच्याशेजारी बसले. हवापाणी झालं. कॉलेजच्या मास्तरांचं झालं. चहा झाला. चाळीस मिनिटं गेली. मग मित्रच म्हणाला, उन्हाळाभर राहावं म्हणतो.

साहेब म्हणाले, “नाही.”

म्हणाले तर खरं, पण लगेच उठून उभे राहिले, आकाश पडेल म्हणून. आणि मित्राने केवढा तरी मोठा निःश्वास सोडला. त्याला कधीपासून जायचं होतं! बहिणीची चार पत्रं येऊन पडली होती. पण प्रत्येक वेळी जातो म्हटलं की साहेब थांब म्हणायचे, मग त्याला वाटलं, ह्यांचं नवरा-बायकोचं काही बरं चाललेलं नाही, घरात तिसरा माणूस असलेला बरा. आणि साहेब गायब झाल्यावर तर वहिनींना एकटं कसं सोडायचं? ट्रम्पेटही तो त्यांना प्रसन्न वाटावं म्हणूनच वाजवायचा. त्याला स्वतःला पहाटे उठायचा कंटाळा.

काल दुपारच्या गाडीने गेला. जाताना साहेबांच्या गळ्यात पडला. वहिनींनी खाऊ बांधून दिला.

शंकासुराने विचारलं, मग आता सकाळी कसं वाटतं? साहेब म्हणाले, शांत. जरा जास्तच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिंटरवाला आला होता. साहेबांनी त्याला चहा पाजला, चौकशी केली, आणि चौथा प्रिंटर घेतला नाही. तो गेल्यावर घाम पुसत बसले होते.

२४ फेब्रुवारी

मला पत्र आलंय. मोठी कंपनी, सात मजले, माझ्या हाताखाली सहा माणसं. डिसेंबरात सहज मुलाखत दिली होती, विसरूनही गेले होते. पहिल्या तारखेपासून या म्हणतात.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, जा. असं म्हणून कपाटातली कात्री काढून उगाचच पुसत बसले. फार आनंद झाला की ते कात्री पुसतात. फार वाईट वाटलं तरी.

नऊ वर्षं झाली मला इथे. या नऊ वर्षांत अकरा जण सोडून गेले. साहेबांनी प्रत्येकाचा राजीनामा वाचला, हो म्हटलं, दुसऱ्या दिवशी फुलांचा गुच्छ आणला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून दिल्या. एकालाही थांब म्हटलं नाही. आम्ही म्हणायचो, किती मोठं मन! पण एकदा त्यातला एक जण मला जिन्यात म्हणाला होता, एकदा तरी अडवायला हवं होतं गं.

कागद लिहून ठेवला आहे. पाच ओळी. उद्या बाबांना घेऊन दवाखान्यात जायचंय, चष्म्याचा नंबर. परवा देते.

माझ्या गुच्छात पिवळी फुलं नकोत, एवढं शंकासुराला सांगून ठेवलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी राजीनामा दिला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. घडी घातली, होती तशीच, आणि परत माझ्या हातात दिली.

“नाही,” म्हणाले.

दुपारी सात मजल्यांच्या कंपनीला फोन करून कळवलं, येत नाही.